३१ जुलै : वॅटचा हिशेब

सकाळी ९.४० (मध्यरात्रीला १४ तास २० मिनिटं)
पुण्यात टिळक रोडच्या मागे एका जुन्या इमारतीतलं सीए ऑफिस. बुधवार, ३१ जुलै २०२४. प्राप्तिकराची विवरणपत्रं भरायची शेवटची तारीख. मुदतवाढीची आवई व्हॉट्सॲपवर फिरून विरली होती, खात्याने ती खोटी असल्याचंही सांगून टाकलं होतं. फळ्यावर आकडा : बाकी ११८.

आर्टिकलशिपची पोरं पातळ लॅपटॉप उघडून बसली आहेत. यातल्या एकाही लॅपटॉपला लॅनची वायर लागत नाही, तेवढी जागाच नसते त्यांना. जूनमध्ये फर्निचर बदललं तेव्हा टेबलांखालच्या वायरी काढून टाकल्या आणि छताला वायफायचे चार नवे ॲक्सेस पॉइंट (एपी) लावले. पंधरा दिवसांनी पार्किंगमधून कुणाचं तरी हेल्मेट गेलं, म्हणून गेट, जिना आणि गच्ची धरून आठ कॅमेरे बसले. वायफायवाला वेगळा, कॅमेरेवाला वेगळा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, पण दोघांच्या वायरी माळ्यावरच्या एकाच स्विचमध्ये शिरल्या आहेत.

हा स्विच लॅनच्या वायरीतूनच वीजही पुरवतो. त्याला म्हणतात पीओई. २००३ च्या मानकाप्रमाणे एका पोर्टमागे १५.४ वॅट, २००९ च्या सुधारित मानकाप्रमाणे ३० वॅट. लोक पोर्ट मोजतात आणि थांबतात. सगळ्या पोर्टांची मिळून एक कमाल मर्यादा असते आणि तिला नेटवर्कच्या भाषेत बजेटच म्हणतात. या स्विचचं बजेट १२० वॅट.

सकाळी ११.०५
आभाळ भरून येतं. मागच्या खोलीतून ओरडा : "सर, नेट गेलं!" चार मिनिटांनी आपोआप येतं. सर नेट कंपनीला फोन लावतात. तिकडून ठरलेलं उत्तर : आमच्याकडून लाइन ओके आहे, एकदा राउटर बंद करून चालू करा. तेही करून होतं. मघाशी एका खोलीचं गेलं होतं, आता सगळ्या ऑफिसचं जातं.

दुपारी १२.१५
नेटवर्कवाला दादा येतो. पोरगा हुशार आहे. तो आधी एपी किती वेळ चालू आहेत ते बघतो. तीन बारा दिवसांपासून अखंड चालू आहेत, मागच्या खोलीतला मात्र सव्वा तासापासून. कारणाच्या रकान्यात नोंद : वीज गेली. म्हणजे सॉफ्टवेअर कोसळलेलं नाही, बिघाड विजेच्या वाटेवर आहे. इथवर निदान अचूक. तो वायर बदलतो. तेवढ्यात ऊन पडतं आणि तासभर काही होत नाही. "वायरच होती," म्हणून दादा पुढच्या ऑफिसला जातो. आपोआप थांबणाऱ्या बिघाडाची हीच खोड : त्या क्षणी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं.

दुपारी २.५०
पावसाची सर येते. दोन एपी एकापाठोपाठ जातात, येतात, पुन्हा जातात. सर फोनवर म्हणतात, "फर्मवेअर अपडेट करून टाक रे." दादा साफ नकार देतो : आज नको. दिवसभरातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. शेवटच्या तारखेला फर्मवेअरला हात लावणाऱ्याला ऑफिसात पाऊल ठेवू देऊ नये.

दुपारी ४.३०
ऊन. सगळं सुरळीत. फळ्यावर ४६. चहा होतो.

संध्याकाळी ६.२०
दादा परत आलाय. या वेळी तो माळ्यावर चढून स्विचचंच पान उघडतो. खर्च : १२० पैकी ११२ वॅट. पोर्ट ९ ते १२ वर एपी. "सर, पहिल्या आठांवर काय आहे?" "कॅमेरे."

आता सगळं जुळतं. कॅमेरा उजेडात पाच वॅटच्या आसपास खातो. अंधारलं की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो नवावर जातो. आठ कॅमेऱ्यांचे चार-चार धरले तर बत्तीस वॅट जास्त. ढग आले की जिना आणि पार्किंग काळवंडतं, बजेट ओलांडलं जातं आणि स्विच शेवटच्या पोर्टांची वीज तोडतो. सगळ्यांचा अग्रक्रम सारखा असला, तर लहान आकड्याचा पोर्ट आधी, असा त्याचा नियम. तुटलेला एपी परत उठताना थोडक्या विजेवर उठतो, म्हणून स्विच त्याला घेतो. लॅपटॉप जोडले गेले की तो जास्त मागतो, की पुन्हा कात्री.

दादा म्हणतो, कॅमेरे तासभर काढून ठेवू. सर म्हणतात, नको, बिल्डिंगवाल्यांना काय सांगायचं? शिपाई मामांना तपकीर गल्लीत पिटाळतात : एपींना भिंतीतल्या प्लगवरून वीज द्यायला चार इंजेक्टर आणा. पावसात, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून.

संध्याकाळी ७.०८
सूर्य मावळतो. आठही कॅमेऱ्यांचे दिवे लागतात. मागणी १४४ वॅट.

दोन एपी पडतात. सगळे लॅपटॉप उरलेल्या दोघांवर तुटून पडतात. पडलेले उठतात, पुन्हा पडतात. विवरणपत्र पाठवायचं बटण दाबलं की चक्र फिरत राहतं, मग लॉगइनचं पान. एक मुलगी तिसऱ्यांदा त्याच अशिलाला फोन करते : "काका, परत एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता?" पलीकडून काका : "अगं, मघाशीच दिला ना!" फोनच्या हॉटस्पॉटला जाड दगडी भिंतींमुळे जेमतेम एक काडी. नेमका हाच तास देशभरात सर्वांत गर्दीचा ठरला : ७ ते ८ मध्ये ५.०७ लाख विवरणपत्रं दाखल झाली, असं खात्याने नंतर जाहीर केलं.

संध्याकाळी ७.४५
मामांचा पत्ता नाही. दादा कुणालाही न विचारता आठ वायरी उपसतो. चार मिनिटांत चारही एपी स्थिर. फळ्यावर ३७.

रात्री १२.००
फळ्यावर ३. मधल्या सदतीस मिनिटांत जी व्हायची ती मागे सरकली आणि शेपटाला ही तीन राहिली. एकाला ५,००० रुपये विलंब शुल्क. ते ऑफिसने आपल्या खिशातून भरलं. दुसऱ्याचा शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येणार नाही. तिसरा पगारदार, घरभाडं आणि ८०सीच्या वजावटी धरून जुन्या करपद्धतीने परतावा घेणारा. त्या वर्षीपासून अशा पगारदाराचं विवरणपत्र उशिरा गेलं तर जुनी पद्धत निवडताच येत नाही. त्याचा परतावा गेला, वर कर भरावा लागला. त्याची भरपाई ऑफिसला देता आली नाही.

दोष वायफायवाल्याचा नाही, कॅमेरेवाल्याचाही नाही. दोघांची बिलं मंजूर करणाऱ्याने दोघांच्या वॅटची बेरीज केली नाही, दोष तिथे आहे. तुमच्या ऑफिसातलं वायफाय अंधारून आल्यावरच रुसत असेल तर नेट कंपनीला फोन करण्याआधी स्विचचं बजेट बघा, तेही दिवेलागणीनंतर. आणि बजेट वाढवेपर्यंत एपींच्या पोर्टांना अग्रक्रम द्या. सेटिंगमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे.