‘आल्ट’चं कूळ कुठलं?

वेबपानावरच्या चित्रामागे चार शब्द दडलेले असतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला चित्राच्या जागी तेवढेच ऐकू येतात. हा मजकूर म्हणजे ‘आल्ट’. तो अंधांसाठीच जन्माला आला, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही.

फेब्रुवारी 1993मध्ये मार्क अँड्रीसन यांनी चित्रासाठी ‘आयएमजी’ टॅग सुचवला, तेव्हा त्यात सक्ती होती ती फक्त चित्राच्या पत्त्याची. पण कॅन्सस विद्यापीठातला ‘लिंक्स’ हा ब्राउझर नुसती अक्षरं दाखवायचा. चित्र आलं की चौकटी कंसात ‘इमेज’ एवढंच उमटायचं. अशा टर्मिनलसमोर बसलेल्या डोळस माणसाची अडचण भागवायला आल्ट आला, असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबर 1995च्या एचटीएमएल 2.0च्या मानकात, म्हणजे आरएफसी 1866मध्ये, आल्टची व्याख्या वाचा. चित्राऐवजी मजकूर का दाखवायचा, याची तिथली उदाहरणं दोनच: यंत्राची मर्यादा किंवा वापरणाऱ्याची पसंती. त्या व्याख्येत अंधांचं नावही नाही.

प्रतिपक्षाचा पुरावाही याच मानकात आहे, आणि तो जबरदस्त आहे. त्यातल्या व्याकरणाच्या भागात आयएमजीखालीच एक सूचना येते: चित्राची ‘आकृती’ करा आणि आल्टचा मजकूर तिच्यात घाला. ही सूचना ‘इकॅड’ची. एकाच दस्तऐवजातून ब्रेल आणि मोठ्या टायपातल्या आवृत्त्या सहज निघाव्यात म्हणून झटणारी ही आंतरराष्ट्रीय समिती. टोरांटोचे यूरी रुबिन्स्की तिच्यातले एक बिनीचे कार्यकर्ते. म्हणजे एचटीएमएलच्या पहिल्या अधिकृत मानकातच ब्रेलची सोय होती! वेब बनवणाऱ्यांपैकीही कितीकांना हे ठाऊक असेल?

तरी माझा कौल लिंक्सलाच. ब्रेलचाच विचार मुळाशी असता, तर तो व्याख्येत आलाच असता. इकॅडनं आल्ट जन्माला घातला नाही, दत्तक घेतला. आणि दत्तक घराण्याचंच नाव पुढे चाललं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. 1997च्या डिसेंबरात एचटीएमएल 4.0नं आल्ट सक्तीचा केला, 1999मध्ये सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली.

सक्ती होऊनही आल्ट गाळलेली पानं आजही सर्रास भेटतात. मग स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नावच वाचत सुटतो: ‘आयएमजी अंडरस्कोर 2047 डॉट जेपीजी’. चित्र नुसतं शोभेचं असेल, तर आल्ट मुद्दाम रिकामा ठेवावा. स्क्रीन रीडर ते मुकाट्यानं ओलांडतो. बाकी प्रत्येक चित्राला, कृपा करून, एक नीट वाक्य लिहा.