ठिणगीची वाट

स. १७७७ मध्यें जर्मनींतील गटिंगेन येथील अध्यापक लिश्टेनबर्ग ह्यांनीं राळेची एक मोठी विद्युत्-चकती करविली होती. ती गुळगुळीत करतांना उडालेली पूड खोलीभर पसरली, आणि विजेनें भारलेल्या चकतीवर ती बसली तेव्हां तिचे चांदण्यांसारखे आकार झाले. धनविजेच्या जागीं फांद्या फुटलेल्या रेषा, ऋणविजेच्या जागीं वाटोळीं वलयें! पृष्ठावरून पसरून गेलेल्या विजेच्या झोतांचे ते माग होते. पण त्यांचा अर्थ लागावयास दीडशें वर्षें गेलीं. आमच्या शाळेच्या पुस्तकांत तर ठिणगीच्या वांट्याला एखादीच ओळ येई.

स. १९०० च्या सुमारास टाउनसेंड ह्यांनीं पहिला उलगडा केला. विद्युत्क्षेत्रांत धांवणारा इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूवर आदळून दुसरा मोकळा करतो. दोहोंचे चार, चारांचे आठ, असा लोंढा वाढत जातो. तो अखंड राहावयास ऋणाग्रांतून नवे इलेक्ट्रॉन निघाले पाहिजेत, आणि तें काम तेथवर सरकत जाणारे जड धनकण करतात, असें पुढें मानूं लागले. विरळ वायूंत हें जुळतें. पण नेहमींच्या हवेंत, जेथें सेंटिमीटरभर अंतराला सुमारें ३०,००० व्होल्ट लागतात, तेथें हिशेब फसतो. धनकणांना तेवढें अंतर तोडावयास सेकंदाच्या लक्षांशाहून अधिक वेळ लागतो; ठिणगी त्याच्या शतांश वेळांत उडून मोकळी होते!

ही अडचण रेथर ह्यांनीं जर्मनींत, तर लोब व मीक ह्यांनीं अमेरिकेंत, १९४० च्या सुमारास सोडविली. रेथर ह्यांनीं विल्सनच्या मेघपात्रांत लोंढ्यांचीं छायाचित्रें घेतलीं. इलेक्ट्रॉन दहा कोटींच्या घरांत गेले, कीं लोंढ्याचें स्वतःचें क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या तोडीचें होतें. त्यांतून निघणारा अदृश्य प्रकाश पुढच्या हवेंत नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतो, त्यांचे लहान लोंढे मुख्य झोताला येऊन मिळतात, आणि झोताचें टोंक पुढें सरकतें. धनकणांची वाट पाहण्याचें कारणच उरत नाहीं. इंग्रजींत ह्या झोताला स्ट्रीमर म्हणतात.

मेघपात्राच्या ह्याच विल्सननीं १९२५ मध्यें लिहिलें होतें, कीं गडगडाटी ढगांच्या वरही विद्युत्पात होऊं शकेल, कारण उंचीबरोबर हवा फार झपाट्यानें विरळ होते. ६ जुलै १९८९ रोजीं मिनेसोटांत एक कॅमेरा तपासून पाहिला जात असतां त्यांत अवचित तसा प्रकाश टिपला गेला. पुढें शीघ्रगति कॅमेऱ्यांनीं दाखविलें, कीं सुमारें ४० ते ९० किलोमीटर उंचीवरचा तो तांबडा लखलखाट स्ट्रीमरांचाच बनलेला असतो. खोलींतल्या हवेंत मिलिमीटरहून बारीक असणारा झोत तेथील विरळ हवेंत कित्येक मीटर रुंद होतो.