रांग उघडणे आणि रांग मिटवणे

संगणकाच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात यंत्रे किती लहान झाली आणि किती वेगवान झाली याचाच हिशोब बहुधा असतो. दोन परक्या पक्षांनी एकमेकांशी व्यवहार कसा करावा, याचे नियम यंत्रांच्या जगात कसकसे घडत गेले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यातील एक लहानसे प्रकरण प्रस्तुत लेखात पालकांसमोर व विद्यार्थी मित्रांसमोर ठेवावयाचे आहे.

एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालविण्याची कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हापासून ती बाजारात रुळली. खरे यंत्र हा यजमान, आतली यंत्रे हे पाहुणे. पाहुण्याला वाटते की आपल्याजवळ स्वतःचे नेटवर्क कार्ड आहे. वास्तविक ते नसतेच. आरंभी यजमान एखाद्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करीत असे, आणि पाहुण्याने त्या कार्डाला हात लावला रे लावला की त्याला थांबवून यजमान पुढचे काम करी. वेळ फार जाई. २००३ साली केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाच्या मंडळींनी निराळा मार्ग मांडला : सोंग सोडून द्यावे, आणि दोघांना दिसेल अशा मेमरीत एक गोल रांग ठेवावी. गोल म्हणजे शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिले घर. पाहुणा तीत कागद ठेवतो, यजमान उचलतो, काम झाले की परत ठेवतो.

पुढे आभासी यंत्रे चालविणाऱ्या प्रणाली वाढल्या आणि प्रत्येकीची रांग वेगळी, ड्रायव्हरही वेगळा, असा प्रकार सुरू झाला. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने सर्वांसाठी एकच पद्धत सुचविली. ‘व्हर्टआयओ’ या नावाची ती पद्धत जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये आली. तिच्यातील रांगेची मुख्य कामे मोजकीच होती : कागद ठेवणे, झालेला कागद परत घेणे, यजमानाला हाक मारणे, आणि यजमानाकडून येणारी घंटा बंद वा चालू करणे.

या घंटेचा इतिहास स्वतंत्र आहे. मोगल आणि रामकृष्णन या दोघा संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले होते की, येणारा माल फार वाढला की यंत्र प्रत्येक घंटेला धावत राहते आणि एकही काम पुरे होत नाही. यावर लिनक्समध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी २००१ च्या सुमारास उपाय मांडला : पहिली घंटा वाजताच ती बंद करावी, रांग सावकाश उपसावी, आणि ती रिकामी झाली म्हणजे घंटा पुन्हा चालू करावी. ऐकायला सोपे! पण रांग रिकामी दिसली तो क्षण आणि घंटा चालू झाली तो क्षण, यांच्या मध्येच एखादे पाकीट आले तर? घंटा वाजणार नाही आणि ते पाकीट तसेच पडून राहील. म्हणून रसेल यांच्या पद्धतीत घंटा चालू करणारे काम तिथेच थांबत नाही. घंटा चालू केल्यानंतर ते रांगेत पुन्हा डोकावते, आणि मध्यंतरी काही आले असल्यास ‘नाही, अजून काम आहे’ असे उत्तर देते.

येथवर केवळ घंटेची गोष्ट झाली. रांगच बंद करावयाची म्हटले की प्रश्न अवघड होतो, आणि मला या प्रकरणाचा गाभा येथेच दिसतो.

रांग उघडण्यास काय लागते? पाहुण्याने मेमरीतील जागा सांगावी आणि ठराविक ठिकाणी १ लिहावा. बंद करतेवेळी मात्र हिशोब उरतो. मराठीत आपण ‘अनामत’ म्हणतो, उर्दूत ‘अमानत’. मूळ शब्द एकच. रांगेतला प्रत्येक कागद ही अशीच यजमानाकडे ठेवलेली अमानत असते. जाणाऱ्या रांगेत माल गेला की कागद परत येतो. येणाऱ्या रांगेत मात्र कोरे कागद आधीच देऊन ठेवावे लागतात, कारण बाहेरून माल केव्हा येईल हे कोणास ठाऊक! एकही पाकीट येत नसताना देखील पाहुण्याची मेमरी यजमानाच्या हातात असते. रांग बंद झाली असे समजून पाहुण्याने ती जागा दुसऱ्या कामाला दिली आणि यजमानाने नंतर तिच्यावर लिहिले, तर कोणाचा तरी मजकूर निमूटपणे बिघडतो. चूक एका ठिकाणी, नुकसान भलत्याच ठिकाणी. शोधायला गेले तर मागमूस सापडत नाही.

यावर जुना तोडगा सरसकट होता : सगळे उपकरणच आरंभीच्या स्थितीला न्यावे, म्हणजे सर्व रांगा एकदम संपतात. २०१३ साली ओॲसिस या संस्थेत व्हर्टआयओची समिती स्थापन झाली. तिने सिद्ध केलेल्या १.० या प्रमाणात रांग चालू करण्यासाठी जे घर ठेवले, त्यात ड्रायव्हरने ० लिहू नये, असे स्पष्ट बजावले. म्हणजे रांग उघडण्याची मुभा, पण तीच एक मिटवण्याची नाही.

दरम्यान रांगा वाढल्या होत्या. फेब्रुवारी २०१३ च्या लिनक्स ३.८ पासून एका आभासी कार्डाला रांगांच्या अनेक जोड्या मिळू लागल्या, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला आपली जोडी. आरंभी एकच जोडी चालते; अधिक हव्या असल्यास ड्रायव्हर मागणी करतो, नको झाल्यास कमी करण्याची मागणी करतो. या मागणीचा नियम मोठा न्यायाचा आहे. मागणी पाठविताच ड्रायव्हरने वगळलेल्या रांगांत माल टाकणे थांबवावयाचे. यजमानावर तेच बंधन येते ते मागणी पुरी झाल्याची पावती दिल्यानंतर. मागणाऱ्याने आधी थांबावे, हे उचितच. तथापि एवढ्याने रांग फक्त निजते. तिच्यातील कोरे कागद यजमानाकडेच राहतात.

खरी सुटका २०२२ च्या जुलैमधील १.२ या प्रमाणात झाली. त्यात एकेका रांगेला स्वतंत्रपणे मिटवण्याची सोय आली. ड्रायव्हर त्या रांगेसाठी १ लिहितो. यजमान हातातले काम आवरेपर्यंत ते घर वाचले असता १ च दिसतो. सर्व आवरल्यावर ० दिसतो. तो ० पाहिल्याखेरीज ड्रायव्हरने आपली मेमरी परत घ्यावयाची नाही. मग रांगेचा आकार बदलून, नवी जागा देऊन ती पुन्हा उघडता येते, आणि शेजारच्या रांगांतील वाहतुकीला धक्काही लागत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या लिनक्स ६.० मध्ये ही सोय आभासी कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये दाखल झाली. म्हणजे जानेवारी २००८ पासून धरले तर रांगांपैकी एकच नीटपणे मिटवायला जवळजवळ पंधरा वर्षे लागली!

मात्र ही सोय कोणावर लादलेली नाही. सुरुवातीलाच ड्रायव्हर आणि उपकरण यांच्यात कोणकोणत्या गोष्टी उभयतांना मान्य आहेत याची बोलणी होतात, आणि ही त्या यादीतील एक बाब असते. जे उपकरण ती मान्य करीत नाही, त्याची एक रांग मिटवायची झाल्यास आजही सगळ्याच रांगा मिटवून पुन्हा मांडाव्या लागतात.