सभ्य गृहस्थांचा करार आणि ४२ नंबरचा शर्ट

(पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.)

काल १४ एप्रिल. गल्लोगल्ली बाबासाहेबांची जयंती झाली. आज १५ एप्रिल, आणि आज अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळणारा प्रत्येक जण पाठीवर एकच नंबर घालून मैदानात उतरेल, ४२. हा नंबर जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर तो डॉजर्स संघाकडून पहिला सामना खेळला आणि मोठ्या लीगचं गोऱ्यांनी बंद ठेवलेलं दार उघडलं.

ही गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात: त्याला शिव्या घातल्या, धमक्या दिल्या, पण त्याने उलट उत्तर दिलं नाही, खेळून दाखवलं. याला म्हणतात कॅरेक्टर! खरं आहे, पण अर्धंच. कारण ते दार मुळात बंद कोणी केलं आणि त्यांच्या कॅरेक्टरचं काय, हे कोणी विचारत नाही.

बंद केलं म्हणतो, कारण ते आधी थोडं उघडं होतं. रॉबिन्सनच्या ६३ वर्षं आधी, १८८४ मध्ये, मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघाकडून मोठ्या लीगमध्ये ४२ सामने खेळला होता (४२ हा निव्वळ योगायोग). वॉकर कॅचर होता. म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, बॅट्समनच्या मागे बसून चेंडू पकडणारा. त्या काळी कॅचरच्या हातात आजच्यासारखा जाड ग्लोव्ह नसे, बोटं मोडणं नेहमीचंच. पुढचा चेंडू कसा यावा हे कॅचर खुणेने पिचरला सांगतो. टोलेडोचा पिचर टोनी मलेन वॉकरच्या खुणा मुद्दाम पाळत नसे. काळ्या माणसाने सांगितलेलं ऐकायचं नाही, म्हणून. पुढे म्हातारपणी मलेनने स्वतःच हे कबूल केलं, आणि आपल्याला मिळालेला सगळ्यात चांगला कॅचर वॉकरच होता, हेही सांगितलं. म्हणजे बघा, कुठला चेंडू येणार हे माहीत नसताना वॉकर जवळजवळ उघड्या हातांनी तो पकडत होता.

शिकागो संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन हा तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टार. १८८३ मध्ये टोलेडोत एका प्रदर्शनी सामन्याआधी त्याने जाहीर केलं की वॉकर मैदानात असेल तर आपण खेळणार नाही. गंमत म्हणजे वॉकर जखमी होता, त्या दिवशी खेळणारच नव्हता. टोलेडोच्या मॅनेजरने हट्टाने त्याला उतरवलं आणि ॲन्सनला बजावलं, खेळला नाहीस तर तिकीटबारीतला वाटा विसर. ॲन्सन मुकाट्याने खेळला. तत्त्वाची किंमत अशी लगेच कळली.

पण चार वर्षांत वारं फिरलं. जुलै १८८७ मध्ये न्यूअर्कला ॲन्सनचा संघ आला, तेव्हा वॉकर आणि पिचर जॉर्ज स्टोव्ही हे दोघेही खेळले नाहीत. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. मोठ्या लीगनी तर असा नियम कधी कागदावर लिहिलाच नाही. सगळं आपसातल्या समजुतीने चाललं. या समजुतीचं नाव इतिहासात ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ असं आहे. सभ्य गृहस्थांचा करार! १९४२ मध्ये बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी सांगितलं की काळ्या खेळाडूंना बंदी करणारा कुठलाही नियम नाही. कागदोपत्री ते खरंच होतं. फक्त १८८४ नंतर एकही कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमध्ये दिसला नव्हता. नियम नाही, पण प्रवेशही नाही. आपल्याला हा प्रकार काही नवा नाही.

त्या साठ वर्षांत कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या लीग काढल्या. रूब फॉस्टरने १९२० मध्ये नीग्रो नॅशनल लीग सुरू केली. अशा लीगमध्ये जॉश गिब्सनसारखे खेळाडू घडले. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी. २०२४ मध्ये या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत धरली गेली, आणि कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर गेला. माणूस गेल्यावर ७७ वर्षांनी.

आता रॉबिन्सनकडे येऊ. तो मुळात सोसणारा माणूस नव्हता. १९४४ मध्ये सैन्यात लेफ्टनंट असताना टेक्ससमध्ये बसच्या मागच्या बाजूला जायला त्याने नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, तो निर्दोष सुटला. वर्षभराने, ऑगस्ट १९४५ मध्ये, डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी त्याला बोलावलं आणि अट घातली: कोणी काहीही म्हणो, उलट हात उचलायचा नाही. त्याने हे मान्य केलं, कारण एक हात उचलला गेला असता तर दार पुन्हा बंद करायला निमित्त मिळालं असतं. हे मौन त्याने कामासाठी पत्करलं होतं. त्याला स्वभावाचा गोडवा समजू नये.

पहिल्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या संघाने, मॅनेजर बेन चॅपमनच्या पुढाकाराने, त्याला इतक्या घाण शिव्या दिल्या की प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. मग चॅपमनची अब्रू वाचवायला दोघांचा एकत्र फोटो ठरला. रॉबिन्सन गेला. दोघांनी हस्तांदोलन केलं नाही, एक बॅट दोन टोकांना धरली. शिव्या देणाऱ्याची नोकरी वाचावी म्हणून शिव्या खाणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं! मोठेपणा दाखवायची जबाबदारी कोणावर टाकली जाते, हे त्या फोटोत स्पष्ट दिसतं.

कॅरेक्टर दुसऱ्या बाजूलाही दिसलं, थोडं का होईना. डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज तयार केला होता. केंटकीच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, पी वी रीझने सही करायला नकार दिला. एक सही न करणं एवढंच, पण ते संघातल्या नावाजलेल्या माणसाने केलं.

दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, मौनाची अट संपली. रॉबिन्सन पंचांशी, प्रतिस्पर्ध्यांशी बोलू लागला. त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल सूर बदलला. तो भांडखोर आहे, फार डोक्यावर बसलाय. खेळ तोच, माणूस तोच. फक्त आता तो उत्तर देत होता.

इथे मला आपला पालवणकर बाळू आठवतो. रॉबिन्सनच्या जन्माआधीचा हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्याच्या हातचा चेंडू सगळे घेत, पण चहा मात्र त्याला पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. १९२० मध्ये त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम या अन्यायाविरुद्ध उघडपणे संघातून बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ जिंकला. इथेही कर्णधारपदाबाबत लेखी नियम कुठे होता?

म्हणून मला वाटतं, खिलाडूवृत्ती मोजायची तर आधी ज्यांच्या हातात संघ, मैदान आणि तिकीटबारी होती त्यांची मोजा. वॉकरला मैदानात उतरवणारा टोलेडोचा मॅनेजर, सही न करणारा रीझ आणि संघ सोडणारे पालवणकर बंधू, यांना त्यात जागा हवी. नुसतं सोसणाऱ्याचं कौतुक करत राहिलं की सोसायला लावणारा आपोआप सुटतो. आजही एखाद्या खेळाडूने अन्यायाबद्दल तोंड उघडलं की ‘तू खेळाकडे लक्ष दे’ म्हणणारे कमी नाहीत.

१५ ऑक्टोबर १९७२ ला सिनसिनाटीत, वर्ल्ड सिरीजच्या वेळी, रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहाने थकलेला, दृष्टी जवळपास गेलेली. लोकांना वाटलं, आभार मानून खाली बसेल. त्याने आभार मानले, आणि वर सांगितलं की एखादा कृष्णवर्णीय मॅनेजर दिसेल तेव्हा आपल्याला जास्त अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी तो गेला, वय ५३. असा पहिला मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, आला १९७५ मध्ये.

उद्या सकाळी बातम्यांत ४२ नंबरच्या शर्टांचे फोटो येतील. ते बघताना सत्काराच्या दिवशीही हिशोब मागणारा हा माणूस आठवावा, आणि खुणा न पाळणाऱ्या पिचरचे चेंडू पकडणारा वॉकरही.