आगबोटीची सुट्टी

समुद्रकाठची सुट्टी ही नवी हौस नव्हे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी मे महिना लागला, की ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचे गाठोडे घेऊन मुंबईतील कोकणी बिऱ्हाडे भाऊच्या धक्क्यावर जमत. बंदरी पाणी उथळ असले तर आगबोट दूर उभी राही. बायकामुले पडावातून किनारा गाठीत. पावसाळ्यात कोकणची बोट बंद! दर्याची मर्जी राखूनच मौज करावी, हा शिरस्ता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली; सहाशेंहून अधिक जीव गेले. १९९८ पासून रेल्वे आपल्याला थेट कोकणात नेते. तरीही, वाचकहो, मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ तिथल्या कोळ्यालाच विचारावी, असे मला वाटते.