उंबरठ्यावरचा निबंध

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या दाराशी एकोणिसाव्या शतकात लॅटिन, ग्रीक आणि गणित यांचा पहारा असे. मातृभाषा विद्यार्थ्याला यावयाचीच, असे बहुधा गृहीत धरले जाई. हे गृहीत किती पोकळ होते, ते १८७४ पासून उघड होऊ लागले. अध्यक्ष चार्ल्स इलियट यांच्या कारकीर्दीत त्या वर्षी प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आला. शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांच्या नेमलेल्या ग्रंथांवर थोडके पण शुद्ध लिहावे, एवढीच अपेक्षा होती. पण नामांकित शाळांतून आलेली मुलेही तेथे अडखळली.

१८८५ साली 'इंग्लिश ए' हा लेखनाचा सक्तीचा वर्ग कॉलेजच्या पहिल्याच वर्षात आणावा लागला. पुढे एका समितीने, शाळेत लेखन कसे शिकविले गेले याविषयी, विद्यार्थ्यांकडूनच निबंध लिहवून घेतले. साक्ष आणि पुरावा एकाच कागदावर मिळाला! १८९२ च्या अहवालात समितीने दोष शाळांच्या माथी ठेवला आणि प्रवेशाची कसोटी कडक करण्याची शिफारस केली.

त्याच अहवालात, निबंधांचे ढीग तपासताना कॉलेजचे अध्यापक किती शिणतात, याचेही वर्णन आहे. खरे मर्म तेथेच होते. कोणीतरी वाचावे, चुका दाखवाव्या, पुन्हा लिहावयास लावावे, तेव्हाच लेखणीला वळण लागते. परीक्षा उणीव मोजते. ती भरून काढीत नाही. ज्या श्रमाने कॉलेज थकले, तो श्रम शाळेने कोणत्या वेळात करावा, हा प्रश्न तसाच राहिला. आणि 'इंग्लिश ए'चा वर्गही पुढे अनेक दशके भरतच राहिला.