बालहत्या प्रतिबंधक गृहाचें पत्रक आणि दोन काशीबाई

पनवेलीस जुन्या कागदांचा शोध करणाऱ्यांची दृष्टि बहुधा सनदा, निवाडपत्रें, खतें आणि पोथ्यांचीं बासनें यांवर असते. दप्तरांत छापील कागद निघाला तर तो रद्दींत जातो. या संवयीमुळें एका विषयाचीं साधनें आमच्या डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत. तो विषय म्हणजे संकटांत सांपडलेल्या स्त्रियांसाठीं महाराष्ट्रांत निघालेलीं आश्रयगृहें. त्यांतील आद्य गृहाचा मुख्य कागद छापीलच होता, व तोही भिंतीवर चिकटविण्याचा.

जोतीराव फुले यांनीं पुण्यास आपल्या आवारांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. त्याचें वर्ष सामान्यतः १८६३ धरतात. याविषयीं सर्वांत भरंवशाची साक्ष खुद्द जोतीरावांची आहे. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ त बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर टिपणें काढलीं. त्यांवर जोतीरावांनीं ४ डिसेंबर १८८४ रोजीं अभिप्राय दिला. त्यांत ते सांगतात कीं, इनाम कमिशनांतील अंमलदार व त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं काशीबाई नांवाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांच्या नादीं लागून तिला दिवस गेले. औषधांनीं गर्भ पडेना. शेवटीं मुलगा झाला, तो तिनें अब्रूच्या भयानें सुरीनें मारून घरामागील विहिरींत टाकला. पुण्याच्या सेशन कोर्टांत खटला चालून तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांस शिक्षा झाल्याचा उल्लेख या कथनांत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

गोवंडे मुंबईस गेल्यावर लगेच जोतीरावांनीं गृह उघडलें, आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्लींच्या कोपऱ्यांवर छापील पत्रकें लावलीं. गुप्तपणें येऊन सुखरूप बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा येथें ठेवावें, असा त्यांचा आशय. गुप्ततेचें वचन चव्हाट्यावर लावावें लागलें, यांतच त्या काळची स्थिति दिसते. पीनल कोड १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला होता. त्याच्या ३१७ व्या कलमानें आईबापांनीं बारा वर्षांखालील मूल टाकून देणें, व ३१८ व्या कलमानें मृत अर्भकाचें प्रेत गुपचूप नाहींसें करून जन्म लपविणें, हे गुन्हे ठरले. बाहेर जें लपविल्यानें तुरुंग भोगावा लागे, तें या एका आवारांत उजळ माथ्यानें झांकतां येई. आमच्या मतें गृहाचें खरें मर्म हेंच.

नांवही विचारपूर्वक ठेवलेलें दिसतें. धर्मसूत्रांत 'भ्रूणहन्' हा शब्द गर्भघातकाप्रमाणेंच विद्वान् ब्राह्मणाच्या घातकासही लावतात, व टीकाकार त्यावर पानेंच्या पानें खर्चितात. 'बालहत्या' या शब्दांत तसा संदेहच नाहीं.

त्याच अभिप्रायांत आंकडे आहेत. गृह उघडल्यापासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा आल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जगलीं, ३० दगावलीं. आयांनीं पूर्वीं घेतलेल्या विषारी औषधांनीं गर्भासच इजा झाली होती, हें जोतीरावांनीं दिलेलें कारण. चरित्रकार ३५ हा आंकडा गौरवानें देतात. आम्हांस ३० हा अधिक बोलका वाटतो. सर्व औषधें थकल्यावरच बाई या दारीं येई.

आतां एका घोटाळ्याविषयीं. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८७४ त दत्तक घेतलेला यशवंत हाही काशीबाई नांवाच्याच ब्राह्मण विधवेचा मुलगा, अशी परंपरा आहे. १८८७ च्या मृत्युपत्रांत जोतीरावांनीं त्यास वारस केलें. नामसाम्यामुळें कित्येक लेखक दोघींस एकच समजतात. परंतु पहिलीचें मूल विहिरींत सांपडलें, ती काळ्या पाण्यावर गेली, आणि गृह त्यानंतर निघालें. यशवंत तर त्याच गृहांत जन्मला. सबब या दोन स्त्रिया भिन्न होत.

पुढील संस्थांचा मार्ग निराळा. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांनीं १८७५ त अनाथ अर्भकालय काढलें. यात्रेच्या गांवीं मूल सोडून जाणें सोपें, म्हणून त्याची गरज. पंडिता रमाबाईंचें शारदासदन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस निघून १८९० त पुण्यास गेलें, व पुढें केडगांवीं मुक्तिसदन झालें. धोंडो केशव कर्वे यांची अनाथबालिकाश्रम मंडळी १८९६ ची. या संस्थांचे अहवाल छापले गेले, विद्यार्थिनी नांवानिशीं पुढें आल्या. गृह, सदन, आश्रम असा शब्दांचा क्रम पाहिला तर लपण्याच्या जागेपासून शिकण्याच्या जागेपर्यंतची वाट दिसते. मात्र पहिल्या पायरीवरच्या स्त्रीस आपलें नांव मागें ठेवावयाचें नव्हतें.

म्हणून संग्राहकांस दोन गोष्टी सुचवितों. अशा प्रकरणाचें खाजगी पत्र कोणाच्या दप्तरांत निघाल्यास तें जपावें, संशोधकांस दाखवावें, परंतु छापतांना बाईचें व घराण्याचें नांव गाळावें. अशा ठिकाणीं नांवानें इतिहासांत भर पडत नाहीं. दुसरी गोष्ट पत्रकाची. पुणें-मुंबईचा जुना गाडीरस्ता १८३० पासून बोरघाट उतरून आमच्या पनवेलीच्या बंदरास येई. तेव्हां पुण्याचे कागद इकडील माळ्यांवर निघणें अशक्य नाहीं. पत्रक मिळाल्यास त्याची लांबीरुंदी व छापखान्याचें नांव टिपून घ्यावें. पाठीवर खळीचे डाग असतील तर ते धुऊं नयेत. तो कागद भिंतीवर लागला होता याची तेवढीच खूण.